पोर्तुगालमध्ये भेटलेलं पिंप

लिस्बनला उतरलो त्या घराची मालकीण भराभर काहीतरी बोलली. त्यातला एकच शब्द कानाला ओळखीचा वाटला, 'शाव्ह'. तेवढ्यात तिने माझ्या हातावर चावी ठेवली. चावी, साबण, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे शाळेत शिकलो होतो. पण वसईत वाढलेल्या माणसाला पोर्तुगीज म्हटलं की किल्ल्याची तटबंदी आणि १७३९ची चिमाजी अप्पांची मोहीम एवढंच आठवतं. निघताना बायको म्हणालीसुद्धा, "आपणच त्यांना हाकललं आणि आता पैसे मोजून त्यांच्याच घरी चाललोय."

लिस्बन म्हणजे नुसता चढउतार. पायाखालचे गुळगुळीत पांढरे दगड पावसात दगा देतात, चपला बघून घ्या. २८ नंबरच्या प्रसिद्ध पिवळ्या ट्रामसाठी पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि शेवटी कंटाळून आल्फामाच्या गल्ल्या पायीच तुडवल्या. नुकसान काहीच झालं नाही.

मला खरं धरून ठेवलं ते कार्मोच्या मठाने. १ नोव्हेंबर १७५५च्या सकाळी, ऐन सणाच्या दिवशी, लिस्बनला भूकंप झाला. त्यात या चर्चचं छप्पर कोसळलं, ते आजही तसंच आहे. उंच कमानी आणि वर थेट आकाश. वसईच्या किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये उभं राहिल्यावर असंच वाटतं. फरक इतकाच, की इथे तिकीट होतं आणि प्री-वेडिंगचे फोटोवाले नव्हते.

बेलेंला जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला. अस्थी पंधरा वर्षांनी पोर्तुगालला आणल्या, या मठात मात्र १८८० मध्ये. दगडावरचं कोरीवकाम इतकं दाट, की मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो. पण माझं लक्ष होतं ते नदीकाठच्या बेलें बुरुजाकडे. त्याच्या एका कोपऱ्यातल्या बुरुजीखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला, तो बघायला सगळं शहर लोटलं होतं. आता वाऱ्यापावसाने त्याचं नाक पार झिजलंय. माहीत नसेल तर गोटाच वाटेल.

जवळच १८३७ पासूनचं पेस्ट्रीचं दुकान. कस्टर्डची ती छोटी टार्ट गरम असतानाच खायची, वर दालचिनी भुरभुरवून. आम्ही दोघांनी मिळून सहा संपवल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पगार?" मी दचकलो. पैसे कार्डाने देणार का, एवढंच तिला हवं होतं. त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे चुकते करणं. तसा आमचाही हातात येतो तो चुकता करायलाच.

सिंत्रा लोकलने चाळीस मिनिटांवर. डोंगरावरचा पेना राजवाडा पिवळा आणि लाल, दिवाळीच्या किल्ल्याला मुलांनी उरलेले रंग फासावेत तसा. गर्दी अफाट, सकाळी पहिल्या वेळेचंच तिकीट काढा. तिथून काबो द रोका, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. कड्यावर वारा असा, की टोपी अटलांटिकला अर्पण झाली.

पोर्तोला रेल्वेने साधारण तीन तास. साओ बेंतो स्टेशनच्या दालनात निळ्या-पांढऱ्या वीसेक हजार फरशांवर लढाया, मिरवणुका, शेतीची कामं रंगवलेली. प्रवासी बॅगा ओढत त्याखालून निघून जातात, आपल्यासारखे माना वर करून कुणी उभे राहत नाहीत. दोऊरो नदीवरचा १८८६ चा लोखंडी पूल दुमजली आहे. वरून मेट्रो जाते, तिच्या शेजारून चालताना खाली बघवत नाही.

पलीकडे गाया, पोर्ट वाइनची कोठारं. आत अंधार, ओलसर गारवा आणि लाकडी पिपांच्या रांगा. गाइड मुलगी एकावर थाप मारून म्हणाली, "पिपा." सुमारे साडेपाचशे लिटरचा.

"आमच्याकडेही असतं," मी इंग्रजीत म्हणालो. "पिंप. घरोघरी."

तिचे डोळे विस्फारले. "घरोघरी? काय भरता?"

"पाणी. नळ जातो ना, म्हणून."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता माझ्या ग्लासात आणखी थोडी ओतली.