गच्चीवरचा उन्हाळी पडदा: मार्चअखेरची नोंद आणि यंदाची यादी

चौकट उभी आहे, फ्लेक्स ताणून बसलाय, प्रोजेक्टरची जागा ठरली. आवाजाचं काम अर्धं झालंय. काळी किनार अजून शिवायची आहे. २०२६ च्या उन्हाळ्याची यादी मात्र पक्की आहे. ती निव्वळ आवडीवर लावलेली नाही. तिथी, वारा आणि रात्रीचे दहा, ही तीन गणितं जुळली तेच सिनेमे गच्चीवर, बाकीचे थिएटरात. लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठेही उन्हाळ्यात उघड्यावर सिनेमा लावायचा असेल तर हीच तीन गणितं आधी सोडवावी लागतात. प्रोजेक्टर कोणता घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

पडदा १२ फूट बाय पावणेसात फूट, म्हणजे १६:९, साधारण ८१ चौरस फूट. कापड म्हणून मांजरपाट वापरू नये. त्याचा पिवळसरपणा प्रत्येक चेहऱ्यावर येतो आणि मागचा उजेड आरपार दिसतो. बॅनर छापणाऱ्याकडून न छापलेला पांढरा फ्लेक्स घ्यावा, पाठ काळी असलेला आणि पृष्ठभाग मॅट. चकचकीत फ्लेक्सवर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो आणि कडा विझल्यासारख्या वाटतात, म्हणून दुकानातच मोबाईलचा टॉर्च लावून बघायचं: टॉर्चचा गोल फ्लेक्सवर स्पष्ट उमटला तर तो तुकडा परत. चारही बाजूंनी ३ इंच दुमड आणि दर दीड फुटाला एक आयलेट, म्हणजे दोरी ओवायचं धातूचं भोक. घडी घालायची नाही, ४ इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळून ठेवायचा. घडीची रेघ पडलीच तर दुपारी तासभर उन्हात पसरला की बऱ्यापैकी जाते. नव्या फ्लेक्सचा वासही त्यातच उडतो.

आता वारा. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर एवढ्या पडद्यावर साधारण ७० किलोचा रेटा बसतो. वेग ६० झाला की तोच रेटा दीडशेच्या वर जातो, कारण वेगाच्या वर्गाने वाढतो. मे महिन्यातल्या वळवाच्या आधी येणारी वावटळ एवढी सहज असते. म्हणून तीन गोष्टी केल्या आहेत. चौकट दीड इंची जीआय पाइपची आहे, आणि मागचे तिरके पाय ५ फूट लांब पसरलेले. पायांवर प्रत्येकी दोन, अशी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेली वाळूची चार पोती, एकेक ५० किलोचं. आणि फ्लेक्स चौकटीला नायलॉन दोरीने न बांधता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलाय. दोरी ताणली जात नाही, त्यामुळे झोत आला की आधी आयलेट फाटतं आणि मग चौकट कलंडते. ट्यूब ताणते, झोत सोसते, अगदीच झालं तर तुटते. फ्लेक्स फडफडतो पण चौकट जागेवर राहते. खालच्या कडेच्या पट्ट्या मुद्दाम अर्ध्या रुंदीच्या ठेवल्यात, म्हणजे आधी त्याच तुटाव्यात.

आरसीसीची गच्ची असेल तर हे सगळं ठीक. माळवदावर, म्हणजे लाकूड-मातीच्या धाब्यावर, मात्र चौकट आणि पोती चढवू नयेत. दोन-अडीचशे किलो आणि वर तीस माणसं हे लाकडी तुळयांचं काम नव्हे. माळवदाच्या घरी पडदा अंगणात.

तोंड कुठे करायचं, यावर बराच खल झाला आणि उत्तर निघालं उत्तरेला. पाठ दक्षिणेला. कारणं तीन. मे मधला वारा बहुतांशी पश्चिमेकडून, तो पडद्याला आडवा लागतो, थेट छातीवर येत नाही. सूर्य उन्हाळ्यात पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे संधिप्रकाश पडद्यावर तिरका पडतो, सरळ नाही. आणि उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र आकाशात दक्षिणेकडूनच जातो, म्हणजे तो पडद्याच्या पाठीमागे राहतो. काळ्या पाठीचा पैसा इथे वसूल होतो. गच्ची तशी नसेल, तर निदान गल्लीतल्या खांबाचा दिवा तरी पाठीमागे यायला हवा. पौर्णिमेचा चंद्र फार तर पाव लक्स उजेड देतो. जवळचा एलईडी पथदिवा त्याच्या वीस-तीस पट. लोक चंद्राला नावं ठेवतात आणि खांबाकडे बघतही नाहीत.

प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. खरे एएनएसआय ल्युमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, पाहायचे आणि त्यांना पडद्याच्या चौरस फुटांनी भागायचं. थिएटरात हे उत्तर १४ ते १६ च्या दरम्यान असतं. ३००० ल्युमेनचा ऑफिसचा प्रोजेक्टर सिनेमा मोडवर धरून चाला १८०० देतो. ८१ ने भागले की २२, म्हणजे भरपूर. स्वस्तातले एलईडी डबे खोक्यावर हजारो लिहितात आणि प्रत्यक्षात दोन-तीनशे देतात. उत्तर येतं तीन-चार. त्यावर कार्टून दिसेल, रात्रीचा प्रसंग दिसणार नाही. तसलाच प्रोजेक्टर असेल तर पडदा ६ फुटी करा, चित्र चौपट उजळ होईल. लेन्सचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, दीड असेल तर १२ फुटांच्या पडद्याला १८ फूट अंतर लागतं. टेबल त्या मापावर पक्कं करून ठेवलंय.

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खालून वाफ सोडत राहतो, आणि बहुतेक प्रोजेक्टर ३५, फार तर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मशीन जमिनीवर ठेवलं तर तासाभरात पंखा किंचाळायला लागतो आणि मग ते आपणहून बंद पडतं. म्हणून टेबल ३ फूट उंच, मागे-पुढे दीड फूट मोकळं, आणि साडेपाचला स्लॅबवर पाणी. कूलरचा झोत थेट प्रोजेक्टरवर सोडायचा मोह होतो, तो टाळावा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की उडालेला थेंब लेन्सवर वाळला की पांढरा ठिपका बसतो, आणि तो पुसताना कोटिंगवर ओरखडा येतो. कूलर प्रेक्षकांसाठी, प्रोजेक्टरपासून निदान ६ फूट दूर.

वीज. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा आतल्या आत भाजतो. ६०० व्हीएचा साधा कॉम्प्युटरचा यूपीएस मधे लावला की बंद करून थंड करायला चार-पाच मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. पूर्ण सिनेमा इन्व्हर्टरवर काढायचा तर हिशोब असा: प्रोजेक्टर ३००, स्पीकर ६०, लॅपटॉप ५०, मिळून ४१० वॅट. १५० एएचची चांगली बॅटरी यावर दोन-सव्वादोन तास जाते, आणि जुनी बॅटरी मध्यंतराला मान टाकते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर चित्र येतं, पण अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणत राहतो. संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की व्होल्टेज १८० वर येतं. प्रोजेक्टरला त्याचं काही वाटत नाही, कारण तो १०० ते २४० वर चालतो. ट्रान्सफॉर्मरवाला जुना अ‍ॅम्प मात्र घसरतो, स्टॅबिलायझर त्याला लावा.

यादी. सूर्य लातूरला एप्रिलच्या मध्यावर सहा-चाळीसला आणि मेच्या मध्यावर सहा-पन्नासला मावळतो. संभाजीनगरला आणखी पाच-सात मिनिटं उशिरा. पडद्यावर काळा रंग काळा दिसायला त्यानंतर पाऊण तास तरी जावा लागतो, म्हणजे एप्रिलमध्ये साडेसात, मेमध्ये पावणेआठ. दुसरीकडे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. हाताशी उरतात सव्वादोन ते अडीच तास. याच मापाने सिनेमे मोजले.

१७ एप्रिल, शुक्रवार, अमावास्या: ‘कागज़ के फूल’, १९५९. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद चित्राचा सिनेमा. व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत आरशांनी सूर्यप्रकाश वळवून जो उजेडाचा झोत पाडला आहे, तो अंधाऱ्या रात्रीशिवाय बघण्यात अर्थ नाही. झोताच्या बाजूचा अंधार करडा झाला की प्रसंग गेलाच. स्कोप चित्र १२ फूट रुंदीला जेमतेम ५ फूट उंच येतं, वर-खाली मिळून पावणेदोन फूट पट्टा रिकामा. प्रोजेक्टरचा ‘काळा’ हा खरा काळा नसतो, तो पट्टा राखाडी चमकतो. त्यासाठीच काळ्या पॉपलीनची किनार: वर आणि खाली प्रत्येकी १० इंचांची पट्टी, वेल्क्रोने लागणारी. लांबी अडीच तासांच्या आसपास, म्हणून साडेसातला सुरू झालाच पाहिजे. भाषणबिषण नाही.

१८ एप्रिल, शनिवार: ‘कोर्ट’. ११६ मिनिटं, वेळेची चिंता नाही. चिंता सबटायटलची. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं येतं, आणि सतरंजीवर बसलेल्यांच्या डोक्यांमागे खालची ओळ झाकली जाते. पडद्याची खालची कड साडेतीन फुटांवर ठेवली आहे. मागे खुर्च्या असतील तर ४ फूट. शिवाय प्लेअरमधे सबटायटलची जागा वर सरकवता येते, ती आधीच सरकवून ठेवावी.

१ मे ला गच्ची बंद. बुद्ध पौर्णिमा, महाराष्ट्र दिन, आणि ‘राजा शिवाजी’ची जाहीर झालेली तारीख, सगळं एकाच शुक्रवारी. दिग्दर्शन रितेश देशमुखांचं, छायाचित्रण संतोष सिवन यांचं, संगीत अजय-अतुलचं. देशमुख लातूरजवळच्या बाभळगावचे, म्हणून लातुरात गर्दी होणारच. सिवनसाठी मात्र गाव कोणतंही असो, मोठ्या पडद्याचंच तिकीट काढावं. दुपारचा खेळ घेऊ नये. ४२ अंशांत एसी दमतो आणि प्रेक्षक जाब विचारतात, त्यात सिनेमा राहतो बाजूला. रात्रीचा खेळ, शेवटून तिसरी-चौथी रांग, मधली खुर्ची.

२ मे, शनिवार: ‘संत तुकाराम’, १९३६, दामले-फत्तेलाल. वद्य प्रतिपदेचं आकाश उजळलेलं असतं, म्हणून इथे मुद्दाम उजळ चित्र घेतलं. जुन्या चौरसाकडे झुकणाऱ्या १.३७ मापात ते पडद्यावर सव्वानऊ फूट रुंद येतं, दोन्ही बाजूंना किनारीचे उभे पट्टे १६ इंचांचे लागतील. १३१ मिनिटं. पावणेआठला लावला की दहाला चार मिनिटं कमी. एवढ्या जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे सूर करकरतात, ट्रेबल दोन टप्पे खाली.

१५ आणि १६ मे, शुक्रवार-शनिवार, वैशाख अमावास्येच्या तोंडावर: ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ ला आलेला, म्हणजे दहा वर्षं झाली. १७४ मिनिटं एका रात्रीत बसत नाहीत, पावणेआठला लावला तरी दहा एकोणचाळीस होतात. मध्यंतराला तोडून दोन रात्री. हे तोडणं खटकेल, पण दुसऱ्या रात्रीचा फायदा वेगळाच आहे. शेवटच्या प्रसंगात आवाज काढून घेतलाय, आणि त्या शांततेत जनरेटर धडधडत असेल तर सगळं पाण्यात. त्या रात्री जनरेटर नको, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज, कूलर शेवटच्या दहा मिनिटांना बंद. कूलर बंद करणारा माणूस आधीच नेमून ठेवा.

जूनची अमावास्या १५ तारखेला आहे, पण तिच्यावर काही लावलेलं नाही. मृग लागलेला असतो. पहिला पाऊस पडून गेला की पाखरं झोताकडे थव्याने येतात आणि लेन्सवर चिकटतात. मे मधेही ढग गडगडले की लोखंडी चौकटीजवळ कुणी थांबायचं नाही. प्लग काढा, फ्लेक्स सोडा, खाली उतरा.

क्रिस्टोफर नोलनच्या ‘द ओडिसी’ची तारीख १७ जुलै, म्हणजे हॉलिवूडच्या उन्हाळ्यात आणि आपल्या ऐन पावसाळ्यात. पूर्ण आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय, त्यामुळे नोलनवाल्यांनी पुण्याच्या गाडीचं आरक्षण बघून ठेवावं.

राहिलेलं काम आवाजाचं. उघड्यावर भिंतींची साथ नसते, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि पुढच्यांचे कान दुखेपर्यंत वाढवूनही मागे संवाद पोचत नाहीत. त्यामुळे एक मोठा स्पीकर टाळून चार मध्यम स्पीकर: दोन पडद्याखाली, दोन निम्म्या अंतरावर बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. ब्लूटूथ नाही, त्यात आवाज ओठांच्या मागे पडतो. वायर ओढा. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले की अर्थिंगची गुणगुण बहुतेक जाते. ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठी बनवलेला, ट्रॅक दोन स्पीकरवर उतरवला की गाणी दणकतात आणि बोलणं दबतं; प्लेअरमधे स्टीरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा. लॅपटॉपचं आउटपुट २४ हर्ट्झवर ठेवा, नाहीतर कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठेचकाळतं.

घरच्या माणसांपुरतं बघणं वेगळं. कॉलनीला बोलावायचं असेल, तिकीट नसलं तरीही, निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी हवी. ओटीटीची वर्गणी त्यासाठी चालत नाही. १७ एप्रिलच्या खेळासाठी ती पत्रं या आठवड्यातच जायला हवीत, आणि काळी किनार शिवायला शिंप्याकडे टाकायची तर लग्नसराईचं शिवणकाम सुरू व्हायच्या आत.