तिसरी डिस्क नेमकी कोणती?

अमळनेरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, अल्बम, व्हिडिओ एडिटिंग. एका लग्नाचं फुटेज आता सहज तीन-चारशे जीबी होतं, म्हणून चार वर्षांपूर्वी एका जुन्या टॉवरमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क बसवून त्यावर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि रेड ५ तयार केलं, म्हणजे चार डिस्क मिळून एक मोठी डिस्क. चार डिस्कांपैकी एकीइतकी जागा पॅरिटीला जाते, म्हणजे हाती १२ टीबी. कम्प्युटर ते १०.९ दाखवतो, कारण तो १०२४ च्या हिशेबानं मोजतो. सुरुवातीला मला वाटलं होतं, दुकानदारानं मापात मारलं.

पॅरिटी म्हणजे काय, हे माझ्या हाताखालच्या पोराला मी असं सांगितलं होतं: तिघांचा खर्च तीन वह्यांत आणि एकूण बेरीज चौथ्या वहीत लिहिली, तर कुठलीही एक वही हरवली तरी बाकीच्या तिघींवरून ती परत लिहून काढता येते. रेड ५ मध्ये ही बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता चौघींवर वाटून ठेवतात. पण दोन वह्या हरवल्या की कारभार आटोपला.

मे महिन्यातला शुक्रवार होता. बाहेर पारा ४५ च्या पुढे. पारोळ्याच्या एका लग्नाची फिल्म एक्सपोर्टला लावली होती आणि काम गोगलगायीसारखं चाललं होतं. सहज एमडीस्टॅट, म्हणजे रेडची तब्येत सांगणारी फाइल, उघडून पाहिलं. एरवी तिथे ओळीनं चार यू दिसतात, चालू असलेल्या प्रत्येक डिस्कचा एक. त्या दिवशी यू, आडवी रेघ, यू, यू. रेघेच्या जागी एसडीसी नावाची डिस्क असायला हवी होती. ती डिस्क मंगळवारीच गळाली होती. रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमनं इशाऱ्याचा मेलसुद्धा पाठवला होता, पण मी पत्ता दिलेलाच नव्हता. त्यामुळे तो मेल त्याच कम्प्युटरच्या पोटात रूट नावाच्या पेटीत पडून राहिला. तीन दिवस आम्ही विनाआधार काम करत होतो.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या स्मार्टचा रिपोर्ट काढला. वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत पडलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, शेकड्यांनी. तापमान ५६ अंश. टॉवर जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलेला. एसी फक्त एडिटिंगच्या खोलीत. म्हणजे गिऱ्हाइकाला गारवा आणि डेटाला भट्टी.

इथपर्यंतचं नुकसान डिस्कचं. पुढचं मी केलं.

कम्प्युटर बंद करून सावकाश डिस्क बदलायची, हे कळत होतं. पण एक्सपोर्ट ६८ टक्क्यांवर आलं होतं आणि नवरदेवाच्या काकांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. साटा जोडणीची डिस्क चालू मशीनमधून काढता येते असं कुठेतरी ऐकलेलं. एसडीए सिस्टिमची, तिच्यानंतर बी, सी, डी, ई. मग सी म्हणजे वरून दुसरी, असा हिशेब करून मी झाकण उघडलं आणि दुसऱ्या डिस्कची वायर ओढली. डिस्क घूंऽऽ करत मंदावत गेली, एक बारीक टक्क झालं आणि शांत. बिघडलेली डिस्क इतकी निरोगी थांबत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन सेकंद लागले असतील. तोवर स्क्रीनवर एररच्या ओळी धावायला लागल्या आणि फोल्डर रिकामे दिसू लागले.

ती एसडीडी होती. एसडीसी, एसडीडी ही नावं डिस्क कोणत्या खणात आहे यावर ठरत नाहीत. सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी आधी सापडेल तिला आधीचं अक्षर मिळतं. पुढच्या वेळी तीच डिस्क वेगळ्या नावानं समोर येऊ शकते. माझ्या वायरी तर चार वर्षांत तीनदा इकडच्या तिकडे झालेल्या.

"दादा, काय व्हयनं?" पोरगा दारातून विचारतो. मी काही बोललो नाही. मग त्यानंच हळूच विचारलं, "शेतस ना फोटू?" म्हणजे, आहेत ना फोटो?

धुळ्याला कॉलेजात माझ्यासोबत असलेला एक मित्र पुण्यात सर्व्हरचं काम बघतो. त्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता कशालाही हात लावू नको. आणि कोणी कितीही सांगितलं तरी क्रिएट ही नव्यानं रेड मांडायची कमांड देऊ नको. डिस्कांचा क्रम किंवा एखादा आकडा चुकला, तर आहे तेही जाईल."

कम्प्युटर बंद केला, वायर परत जोडली, चालू केला. अ‍ॅरे (चौघींचा जोडलेला संच) उभा राहिला नाही. मग मित्रानं एकेक डिस्क एक्झामिन या कमांडनं तपासायला लावली. प्रत्येक डिस्कच्या माथ्यावर एमडी, म्हणजे लिनक्सचा रेड चालवणारा भाग, स्वतःची नोंद ठेवतो, त्यात इव्हेंट्स नावाचा एक आकडा असतो. अ‍ॅरेची अवस्था बदलली की तो वाढतो. मी वहीत लिहून घेतले: दोन डिस्कांवर ४८,२१७, मी ओढलेलीवर ४८,२०९, आणि मंगळवारी गेलेलीवर ४७,१०२. शेवटच्या नोंदीची वेळही तेच सांगत होती, मी ओढलेलीची आज दुपारची, बिघडलेलीची मंगळवारची.

"आठाचा फरक चालेल, तिसरी डिस्क हीच," मित्र म्हणाला. "मंगळवारची डिस्क मात्र आत घेऊ नको. तिच्यावर तीन दिवसांपूर्वीचं जग आहे, नव्या-जुन्याची खिचडी होईल." कमांड अशी: असेंबल (जोड), पुढे फोर्स (जबरदस्तीनं), आणि त्या तीनच डिस्कांची नावं, सीरियल नंबर जुळवून. एंटर दाबताना हाताला घाम फुटला होता. अ‍ॅरे तीन डिस्कांवर सुरू झाला. आधी नुसता वाचण्यापुरता माउंट केला. पारोळ्याचं फोल्डर उघडलं. हळदीचे फोटो एकेक करून दिसायला लागले.

फाइलसिस्टिमच्या, म्हणजे कुठली फाइल कुठे याच्या नोंदींच्या, तपासणीआधी यंदाच्या लग्नसराईचा सगळा डेटा, साधारण १.६ टीबी, दोन बाहेरच्या यूएसबी डिस्कांवर उतरवला. चार तास गेले. खरं तर हे काम मी दर आठवड्याला करायला हवं होतं. रेड आहे ना, म्हणून टाळत आलो. तपासणीत शेवटी एकच फाइल तुटलेली निघाली, ती अर्धवट एक्सपोर्टची.

शनिवारी सकाळी पोराला पहिल्या गाडीनं जळगावला पाठवलं. विप्रोचा उगम १९४५ साली आमच्या अमळनेरातल्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाला, हे इथला माणूस पाहुण्याला चहाआधी सांगतो. हार्डडिस्कसाठी मात्र जळगावच गाठावं लागतं. पोराला बजावलं होतं, एसएमआरची आणू नको. त्या डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात, म्हणून तासन्‌तास न थांबता लिहिण्याच्या कामात ती दम टाकू शकते, आणि रीबिल्ड, म्हणजे हरवलेल्या डिस्कवरचं नवीवर परत लिहून काढणं, हे तसंच काम. हजारभर रुपये जास्त पडले.

या वेळी कम्प्युटर बंद करूनच डिस्क बदलली आणि लेबलवरचा सीरियल नंबर पोराकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. पार्टिशन, म्हणजे डिस्कवरची जागेची आखणी, नव्या डिस्कवर उतरवायची एसजीडिस्कची कमांड उलट्या चालीची आहे: आर या अक्षरानंतर आधी नवी, मग जुनी. चुकून फिरवली तर कोरं पार्टिशन टेबल चांगल्या डिस्कवर जाऊन बसतं. ती मी एंटर न दाबता मित्राला फोनवर वाचून दाखवली. मग अ‍ॅड करून नवी डिस्क रेडमध्ये घेतली आणि एमडीस्टॅटमध्ये रिकव्हरीची पट्टी सरकू लागली. वेग सेकंदाला शंभरेक एमबी, शिल्लक वेळ ६२० मिनिटं.

झाकण उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावला. पोरगा कूलर ओढून आणत होता, त्याला थांबवलं; पाण्याची ओली हवा उघड्या बोर्डावर नको. तापमान ४४ वर आलं. आई घरून डबा घेऊन आली, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि "आधी दोन घास खाई ले" म्हणत तिथेच स्टुलावर बसली.

रात्री दोनला लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला. त्याची बॅटरी फार तर पंधरा मिनिटं धरते, म्हणून पाच मिनिटं वाट पाहून मशीन रीतसर बंद केलं. तेव्हा पट्टी ३७ टक्क्यांवर होती. आता पुन्हा शून्यापासून, असं धरून चाललो होतो. चारच्या सुमारास लाइट आली, मशीन चालू केलं, तर रिकव्हरी ३७ पासूनच पुढे निघाली. एमडी कुठवर पोचलो याची खूण डिस्कवर ठेवत जातो.

रविवारी सकाळी अकराच्या आसपास चार यू दिसले.

मग कळलं की डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सगळा अ‍ॅरे आपोआप वाचून तपासतं. आम्ही शनिवारी रात्री मेन स्विच पाडून घरी जातो, म्हणजे चार वर्षांत ही तपासणी एकदाही झाली नसणार. आता ती बुधवारी दुपारी लावली आहे. मेलचा पत्ता घातला, चाचणीचा मेल मोबाइलवर येतो हे पाहिलं. प्रत्येक डिस्कच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून सीरियलचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहिले. पोराचं अक्षर माझ्यापेक्षा बरं, म्हणून त्यानंच. टॉवर एडिटिंगच्या खोलीत आणला. यूपीएसची बॅटरी मात्र अजून तीच आहे, लग्नसराई उरकली की बदलू.

पारोळ्याची फिल्म सोमवारी दिली. काकांना पोटभर पाहूनही गाण्याची निवड आवडली नाही.