शनिवारी साडेचारनंतरचा बाजार

नेदरलँड्समधल्या डेन हागच्या, म्हणजे हेगच्या, हाग्से मार्क्टमध्ये शनिवारी साडेचारला जो ओरडा सुरू होतो, तो डोळे मिटून ऐकला तर आपल्याकडची मंडईच वाटेल. "एन युरो! आलेस एन युरो!" पाचला बाजार उठतो. उरलेला माल परत गाडीत चढवायची हौस कोणालाच नसते, म्हणून समोरच्या वाडग्यात जे असेल ते एका युरोला. आठ ढोबळ्या मिरच्या, नाहीतर दोन किलोच्या आसपास टोमॅटो, नाहीतर जरा मऊ पडलेली सहा आंबटगोड संत्री. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असा हा बाजार भरतो, १९३८ पासून. युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांत त्याची गणना होते.

आम्ही शेजारच्या राइस्वाइकला राहतो. इथून सायकलने वीस मिनिटं, वारा तोंडावर असेल तर तीस. तरी पहिल्या पाच वर्षांत मी इथे दोनदाच आले होते, तेही गाडीने, आणि पार्किंगचे पैसे भाजीच्या वर गेले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मग पुन्हा फिरकलेच नाही. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये धुतलेल्या पालकाची फुगीर पिशवी मिळायची, ती कढईत टाकली की चमचाभर व्हायची. तेवढ्यावर आमचं 'हेल्दी' चाललेलं होतं.

बदल काही आरोग्याच्या साक्षात्काराने झाला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वीज-गॅसच्या कंपनीचं पत्र आलं. दरमहा भरायची रक्कम १६० युरोवरून ४७० झाली होती. नवऱ्याने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, टायपिंगची चूक असेल म्हणून. चूक नव्हती. युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं, रशियाचा गॅस आटला होता, आणि इथली बहुतेक घरं गॅसवरच तापतात. १९५९ मध्ये ग्रोनिंगनजवळ स्लोख्टेरनला प्रचंड साठा सापडला आणि त्यानंतर या देशाने घराघरांत पाइप नेले. सरकारने पुढे नोव्हेंबर-डिसेंबरला प्रत्येकी १९० युरोंची सूट दिली, २०२३ साठी दरावर मर्यादाही घातली: गॅस पहिल्या १२०० घनमीटरला १.४५ युरोच्या वर जाणार नाही. पण सप्टेंबरच्या त्या संध्याकाळी यातलं काहीच हातात नव्हतं. हातात फक्त ते पत्र होतं.

नवऱ्याने लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये रंगीत रकाने पाडायला घेतले. मी मुलीच्या शाळेची एक कोरी वही ओढली. माझे बाबा विमा एजंटाकडून फुकट मिळालेल्या डायरीत रोज रात्री जमाखर्च लिहायचे. दूध, इस्त्री, रिक्षा, 'संकीर्ण'. त्या संकीर्णवरून आईची आणि त्यांची दर महिन्याला जुंपायची.

गंमत अशी की ही वही इथेही आहे. तिला हाउसहाउडबूक्ये म्हणतात, घरखर्चाचं पुस्तक. १९७९ पासून निबुड नावाची एक संस्थाच आहे, लोकांना घरचा हिशेब कसा मांडावा हे सांगणारी. पोराला कितव्या वर्षी किती पॉकेटमनी द्यावा इथपर्यंत त्यांचे आकडे तयार असतात. आमच्या शेजारच्या आजींकडे लग्नापासूनच्या वह्या खणात रचून ठेवलेल्या आहेत. डच माणसाला झाउनिख, म्हणजे काटकसरी, म्हटलं तर तो रागावत नाही, खुलतो. चहाबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करणाऱ्या या लोकांची आम्ही पाच वर्षं मनसोक्त टिंगल केली होती. आता त्याच आजींना विचारायला गेले, की तुम्ही घर किती डिग्रीवर ठेवता. त्यांनी आधी एक बिस्किट दिलं.

महिन्याअखेरीस वही वाचली तर भलतंच निघालं. मला वाटत होतं किराणा महाग पडतोय. किराणा ठीक होता. गाडी जागची न हलता महिन्याला तीनशे युरो खात होती: विमा, रस्त्याचा कर, वार्षिक तपासणी, दुरुस्ती, आणि त्या वर्षी दोन युरोच्या वर गेलेलं पेट्रोल. दुसरं भगदाड होतं फळांच्या रसाची खोकी, गोठवलेले पराठे, कुकीज आणि शुक्रवारी 'आज कंटाळा आलाय' म्हणून मागवलेला पिझ्झा. वहीत तो पिझ्झा चार शुक्रवारी चार वेळा दिसला तेव्हा मला बाबांचं संकीर्ण आठवलं. भाजीवर मात्र आम्ही इतका कमी खर्च करत होतो की तिथे वाचवण्यासारखं काही नव्हतंच. उलट वाढवायला हवा होता.

गाडी नोव्हेंबरात विकली. त्याच सुमारास मी बाजारात पुन्हा आले, सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून, आणि एका सुरीनामी बाईंच्या गाळ्यासमोर थबकले. (सुरीनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली एकेकाळची डच वसाहत.) समोर जुडी होती ती चक्क माठाची. पाटीवर लिहिलं होतं क्लारून. शेजारी सोप्रोपो म्हणजे कारली, ओकर म्हणजे भेंडी, आणि हातभर लांब कौसनबांट, म्हणजे आपल्या चवळीच्या शेंगांची थोरली बहीण. मी हिंदीत पुटपुटले, तर बाईंनी सरळ त्यांच्या सरनामीत उत्तर दिलं. सरनामी म्हणजे भोजपुरी-अवधीतून सुरीनाममध्ये तयार झालेली बोली. १८७३ साली लाला रूख नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरीनामला लागलं, त्यानंतर जहाजांमागून जहाजं गेली, आणि १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्या नातवंडा-पतवंडांतले पुष्कळजण इकडे आले. बरेचसे याच डेन हागात. बाईंना मराठी येत नाही, मला भोजपुरी येत नाही, पण 'भाजी' दोघींचीही. देठं फेकू नकोस, हे त्यांनी मला खुणेने बजावलं. जणू मी पिशवीतल्या पालकावर वाढलेली.

त्या दिवशी रात्री लसूण आणि सुकी मिरची घालून माठ परतला. मुलाने विचारलं, ही कुठली नवी भाजी? नवी! त्याच्या पणजीच्या परड्यात पावसाळ्यात न लावता उगवायची.

आता इथे एक कबुली. एका युरोच्या मोहाने मी एकदा बारा अव्होकाडो आणले. रविवारी सगळे दगड. सोमवारी दगड. मंगळवारी सकाळी सगळे एकदम पिकले, आणि बुधवारी संध्याकाळी नऊ काळे. मंगळवारी आम्ही ते पोळीला लावून खाल्ले, भेळेत घातले, नवऱ्याने एकाचा मिल्कशेक केला त्याबद्दल न बोललेलंच बरं. तेव्हापासून नियम असा की वाडग्यात जे आहे त्याचं काय करणार हे उभ्या उभ्या सांगता आलं तरच घ्यायचं. टोमॅटो असतील तर सार आणि उरलेल्यांची चटणी. ढोबळी असेल तर पीठ पेरून.

बाकी बदल थोडक्यात सांगते, कारण ते कोणालाही सुचतील. रसाची खोकी बंद. मुलांच्या शाळेत तसंही पाणी आणा, दहाच्या सुट्टीला फळ आणा, असाच आग्रह असतो. शाळेचा तसा कागद आम्ही फ्रिजवर लावून विसरलो होतो. जेवणात ताक आलं. इथे कार्नमेल्क म्हणून लिटरभराचं खोकं साधारण युरोभरात मिळतं, आणि त्याची कढी इतकी झकास होते की दह्याच्या कढीची आठवणही येत नाही. ज्वारीचं पीठ मिळतं पण भाव खातं, म्हणून भाकरी पंधरा दिवसांतून एकदा. डब्यात पूर्ण गव्हाचा डच पाव. पावाच्या वेष्टनावर फोल्कोरन लिहिलेलं असेल तर तो खरोखरच पूर्ण गव्हाचाच असावा लागतो, तसा कायदा आहे. नुसता तपकिरी रंग पाहून घेतलेला पाव मात्र फसवू शकतो, आणि आम्ही पाच वर्षं फसत होतो.

पण मला सांगायचं आहे ते होयकिस्टबद्दल. हे शेजारच्या आजींनी शिकवलं. होय म्हणजे वाळकं गवत, किस्ट म्हणजे पेटी. त्यांच्या लहानपणी पातेलं गॅसवर उकळी येईपर्यंत ठेवायचे आणि मग गवताने भरलेल्या लाकडी पेटीत गाडून टाकायचे, दुपारपर्यंत आतल्या आत शिजायचं. २०२२ च्या हिवाळ्यात ही पेटी पुन्हा चर्चेत आली. मी गवत कुठून आणू? भाजीचं लाकडी खोकं घेतलं, आत माझ्या आईने शिवलेली जुनी गोधडी चौपदरी घातली. तूरडाळ तासभर भिजवून जाड बुडाच्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळली, झाकण घट्ट बसवलं, गोधडीत गुंडाळली, वर उशी. सकाळी साडेनऊला ठेवली. साडेबाराला उघडली तेव्हा पातेलं हाताला चटका देत होतं आणि डाळ बोटात विरघळली. गोधडीला मात्र आता कायमचा हिंगाचा वास आहे.

उन्हाळ्यात सासूबाई तीन महिने आल्या होत्या. त्यांना मोठ्या अभिमानाने पेटी दाखवली. त्यांनी उशी उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, यात नवल ते काय? आम्ही भाकऱ्या झाल्या की डाळीचं भांडं वैलावर सरकवायचो. तुझ्याकडे चूल नाही म्हणून तू गोधडी जाळतेयस."

"आई, जळत नाहीये हो, तेच तर."

"बरं बरं. राजमा करशील तर तो नीट उकळून घे आधी. पोरांच्या पोटाला बाधेल."

खरंच आहे, राजम्याला सुरुवातीची भरपूर उकळी हवीच, नुसत्या उबेवर तो टाकायचा नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर होयकिस्टने पैसे फार वाचत नाहीत. इथल्या घरात स्वयंपाकाला लागणारा गॅस किरकोळ, सगळा जातो घर तापवण्यात. मी पेटी वापरते ती दुसऱ्या लोभाने: सकाळी डाळ पुरून ठेवली की संध्याकाळी कोणी पिझ्झाचं नाव काढत नाही.

घर तापवण्याच्या बाबतीत आम्ही गाढवपणा केला. सरकार सांगत होतं, थर्मोस्टॅट १९ वर आणा. आम्हाला वाटलं १९ ने वाचतं तर १६ ने अजून वाचेल. पहिले दोन महिने गॅसचा आकडा पाहून इतके खूश होतो की घरात टोप्या घालून बसायचो आणि त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचो. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्याही बंद. कपडे मात्र आतच वाळत घातलेले, आंघोळीची वाफ आतच. जानेवारीत मुलाचा खोकला थांबेना. एक दिवस त्याच्या खोलीतलं कपाट झाडायला ओढलं तर मागची भिंत खालून गुडघ्यापर्यंत काळी, बुरशीने.

वाचवलेल्या पैशातला बराचसा त्या भिंतीत गेला, खरवडण्यात, रंगात आणि नव्या गादीत. आता खोल्या १९ वर असतात, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं खिडक्या सताड उघडतो, आणि दहा युरोचा एक आर्द्रतामापक शेल्फवर बसवला आहे. तो साठच्या वर गेला की मुलगी पोलिसासारखी ओरडते. वहीत त्या महिन्यासमोर मी 'संकीर्ण' असं लिहिलंय.

नवऱ्याचं ऑफिस डेल्फ्टला, घरापासून सहा किलोमीटर. गाडी गेल्यावर त्याला सायकलशिवाय गत्यंतर नव्हतं. पहिला आठवडा तो समोरच्या वाऱ्याबद्दल इतकं बोलला की जणू सह्याद्री ओलांडून येतोय, खरं तर हा देश ताटासारखा सपाट. पण त्याची कंपनी सायकलीलाही किलोमीटरमागे भत्ता देते, करमुक्त मर्यादेपर्यंत, जी २०२४ मध्ये २३ सेंट झाली. रोजचे बारा किलोमीटर म्हणजे २ युरो ७६ सेंट. पाय चालवल्याचे पैसे मिळतात हे सासऱ्यांना फोनवर तीनदा समजावून सांगावं लागलं.

गाडी विकायच्या जरा आधी घरच्या डॉक्टरांनी त्याची रक्त तपासणी सांगितली होती. डॉक्टरकडे जाणं इथे फुकट, पण प्रयोगशाळेचं बिल विम्यातल्या वर्षाच्या पहिल्या ३८५ युरोंत, म्हणजे आपल्याच खिशातून. रिपोर्टवर एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, ४४. नवरा पांढराफटक. मग कळलं की इथे मोजण्याचं एककच वेगळं, आपल्याकडच्या हिशेबात ते ६.२ होतं. मेला नव्हता, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होता. दीड वर्षाने तोच आकडा ३९ आला, म्हणजे ५.७. सायकलने की माठाने की पिझ्झा बंद झाल्याने, ते डॉक्टरांनीही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तपासणीचं बिल मात्र वहीत 'औषधपाणी'खाली लिहिलं, आणि त्याने हट्टाने शेजारी ३९ असं लाल पेनाने.

कालच्या शनिवारची नोंद समोर आहे. बाजार: ११ युरो ५० सेंट. माठ दोन जुड्या, कारली, कौसनबांट, आलं, लिंबं, टोमॅटोचा वाडगा. खाली, तळलेल्या रोल्सबद्दल, मुलाच्या अक्षरात, मराठी आणि डच एकत्र करून: 'लुंपिया २, आई म्हणाली लिहू नको.'