मीटर बीप करतंय म्हणून बॅटरी जोडू नका

नानांच्या विमानाची वायरिंग झाली एकदाची. आता ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, उडणार कधी, आणि खुद्द नानांचंही तेच चाललेलं की बॅटरी जोड, मास्टर (मेन स्विच) टाक, बघू तर लाईट लागतेत का. मी म्हणलं नाना, एवढी वर्षं रिव्हेट मारत बसलात, अजून जरा कळ काढा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, एअर फोर्समधून रिटायर, तिथं एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम केलेलं. लातूरच्या बाहेर औसा रोडला शेतात पत्र्याचं शेड आहे, त्यात झेनिथ सीएच ७५० चं किट जोडायलेत, दोन सीटचं, सगळं ॲल्युमिनियम, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. (हो, कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी बनवलं होतं तसंच का हे पण सगळे विचारतात. ते सहा सीटचं होतं आणि डिझाईनही त्यांचं स्वतःचं, आमचं त्यामानानं पोराटोरांचं काम.) मी वाळूजला कंट्रोल पॅनलच्या लाईनमध्ये, त्यामुळं पत्रा नानांचा आणि वायर माझी अशी वाटणी.

आता घाई का नको ते सांगतो. विमान सगळं ॲल्युमिनियमचं, आणि बॅटरीचं मायनस बॉडीला. म्हणजे प्लसची एखादी वायर कुठंही पत्र्याच्या भोकाला घासून उघडी पडली की झालाच शॉर्ट. बॅटरी दिसायला छोटी असली तरी फुल चार्ज १२ व्होल्टची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो ॲम्पिअर ओतते, आणि ब्रेकर सगळीकडं नसतात, बॅटरीपासून मास्टर काँटॅक्टर (मास्टर स्विचनं चालणारा मोठा रिले) आणि तिथून बसबारपर्यंतच्या (सगळ्या ब्रेकरना वीज वाटणारी पट्टी) जाड केबलला बहुतेक जण फ्यूज टाकतच नाहीत, मास्टर स्विचच्या बारक्या वायरला पण नाही. तिथं गडबड झाली तर तोडायला कोणीच नाही, वायर जळेल तेव्हाच करंट थांबणार. जमिनीवर ठीक आहे, निगेटिव्हचा पाना फिरवला की संपलं, वर गेल्यावर काय करता?

वायरवरून आधी एकदा वाद झाला होता. नाना म्हणाले ही टेफझेल (विमानात वापरतात ती वायर) एवढी महाग कामून, कूलरला वापरतो ती चालत नाही का. टेफझेल १५० डिग्रीपर्यंत टिकते आणि पीव्हीसी जळली की जो धूर निघतो तो डोळे-नाक-छाती सगळं बंद पाडतो, मीटर-सव्वा मीटर रुंदीच्या कॉकपिटमध्ये तो कुठं जाणार. मग गप्प बसले. २२ गेजला ५ ॲम्पिअर, २० ला साडेसात, १८ ला १० असे ब्रेकर टाकलेत, आणि ब्रेकर हा वायर वाचवायला असतो, रेडिओ वाचवायला नाही, हे मी पॅनलच्या पोरांना पण रोज सांगतो.

तर पहिलं काम मीटर (मल्टिमीटर) बाजूला ठेवून. हातानं. एकेक क्रिंप (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं टर्मिनल) धरायचं आणि ओढायचं, लाजायचं नाही, नीट ओढायचं. २० गेजच्या वायरमध्ये १९ बारीक तारा असतात, त्यातल्या अठरा तुटून एक उरली तरी मीटर बीपच करतं, म्हणजे जोड आहे असंच सांगतं, आणि गंमत म्हणजे लोड टाकून व्होल्टेज ड्रॉप बघितला तरी त्या एवढ्याशा तुकड्यात फरक जवळपास दिसत नाही. ती तार पुढं व्हायब्रेशननं तुटते तेव्हाच कळतं. म्हणून ओढून बघणे याला दुसरा पर्याय नाही. सोबत टॉर्च घेऊन प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची रिंग) आहे का, बंडल कुठं कंट्रोल केबलला लागतंय का, स्टिक पूर्ण मागंपुढं केल्यावर वायर ताणती का, हे पण. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे करणं म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, आम्ही सकाळी सहाला सुरू करून दहाला बंद.

मग मीटर. सगळे ब्रेकर ओढलेले, सगळे स्विच बंद, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र), ईएफआयएस (उड्डाणाचे आकडे दाखवणारा स्क्रीन) सगळ्याचे कनेक्टर काढलेले, बॅटरी शेडच्या बाहेर. बसबार ते बॉडी, मीटरवर कुठलाच आकडा यायला नको, म्हणजे मधे जोडच नाही असं दिसायला पाहिजे. नंतर एकेक ब्रेकर दाबून बघायचं. इथं बजर मोड लावून बसू नका, बजर फसवतो. बहुतेक मीटरचा बजर तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं की वाजतो, आणि विमानातल्या कितीतरी चांगल्या वस्तू त्याच्या खालीच असतात. मास्टर काँटॅक्टरची कॉइल पंधरा ओहमच्या आसपास, बीप. लँडिंग लाईटचा ५५ वॅटचा हॅलोजन थंड असताना अर्ध्या ओहमच्या पण आत, बीप, आणि बघणाऱ्याला वाटतं शॉर्ट आहे. म्हणून ओहमचा आकडा वाचायचा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरचा स्वतःचा पॉइंट दोन-पॉइंट तीन किती येतो ते वजा धरायचं, आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा वाचण्याचा अजून एक फायदा, स्टार्टरचा काँटॅक्टर आणि मास्टरचा काँटॅक्टर दिसायला एकदम जुळे भाऊ, पण स्टार्टरची कॉइल आमच्याकडं चारेक ओहमच भरली. तो दोन-चार सेकंदाच्या कामाचा असतो, चुकून मास्टरच्या जागी लागला तर तासभर उड्डाणात भाजून निघेल.

इथपर्यंत सगळं क्लीन. नाना म्हणाले झालं का समाधान, आता जोड.

खरं तर माझा प्लॅन बेंच पॉवर सप्लायचा होता, १२ व्होल्ट, करंट लिमिट एक ॲम्पिअरवर, शॉर्ट असला तरी काही जळत नाही. पण शेड शेतीच्या फीडरवर, लाईट एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री, आणि ती पण आली तर आली. शेवटी आमच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या चाचांनी मार्ग काढला. विहिरीची मोटार भरून झाली की ते डायरेक्ट लाईन कधीच देत नाहीत, आधी सिरीज बोर्डावर, बल्ब मधे. ते म्हणाले, "सर, तुमचं इमान बारा व्होल्टचं, मग गाडीचा ब्रेक लाईटचा बल्ब घाला की मधात. बल्ब फुल लागला की समजून जा." इतकं सोपं. २१ वॅटचा बल्ब, म्हणजे कितीही मोठा शॉर्ट असू द्या, पहिला क्षण सोडला तर पावणेदोन ॲम्पिअरच्या फार वर करंट जाणार नाही. बॅटरीच्या प्लस आणि विमानाच्या मधे तो बल्ब, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, अग्निशामक हाताशी, आणि नानांच्या हातातलं कडं काढून ठेवलं (याला त्यांनी खळखळ केली, पण कडं आणि पाना मिळून बॅटरीवर पडले की काय होतं ते चाचांनी हात दाखवून सांगितलं, त्यांच्या मनगटावर डाग आहे).

मास्टर टाकला. बल्ब फुल. काँटॅक्टरचा खट आवाजच नाही.

मास्टर बंद. सगळे एकमेकांकडं बघायला. परत मीटर लावलं, कॉइल पंधरा ओहम, प्रोब उलटे केले तरी पंधरा, बॉडीला कुठं लागलेली नाही. मीटरच्या हिशोबानं तिथं काहीच वाईट नाही, आणि बल्ब तर फुल पेटतोय. मी थोडा वेळ खरंच गोंधळलो, मग डोक्यात आलं की कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पुर्जा) असतो. कॉइल बंद होताना जो उलटा झटका मारते तो जिरवायला तो टाकतात, नाहीतर मास्टर स्विचचे पॉइंट ठिणग्या खाऊन खराब होतात. त्याची चंदेरी पट्टी प्लसकडं पाहिजे. काँटॅक्टर नानांनी एका ओळखीच्याकडून डायोडसकट उचलला होता आणि आधीच्या माणसानं तो उलटा डकवलेला, वर काळी स्लीव्ह, पट्टी दिसत पण नव्हती. म्हणजे मास्टर टाकला की बॅटरीचं प्लस डायोडमधून सरळ मास्टर स्विचवर आणि तिथून बॉडीला, कॉइल राहिली बाजूला.

आणि मीटरला हे दिसणं शक्यच नव्हतं बघा. डायोड चालू व्हायला अर्धा-पाऊण व्होल्ट तरी पाहिजे, मीटर टेस्टिंगला मिलिॲम्पिअरमध्ये करंट सोडतं, पंधरा ओहमच्या कॉइलवर त्याचे मिलिव्होल्टच होतात, डायोड झोपलेलाच. डायोड मोडवर टाकलं तरी तेच. मोकळा करून तपासला असता तरच कळलं असतं. बल्ब मधे नसता तर बॅटरीचा सगळा जोर त्या डायोडवर आणि मास्टरच्या २२ गेज वायरवर आला असता, आणि वर लिहिलंय तसं, त्या वायरला फ्यूज नाही.

डायोड फिरवला. परत मास्टर. खट. बल्ब समईएवढा मिणमिणला, म्हणजे कॉइलचा पाऊण-एक ॲम्पिअर, बरोबर. चाचा म्हणाले, "आता चहा सांगा."

पुढचं मग पटापट झालं. एक ब्रेकर दाबा, एक स्विच टाका, बल्ब किती उजळतो बघा, परत बंद. लँडिंग लाईटला सिरीजचा बल्ब जवळपास फुल लागतो, तो शॉर्ट नाही, थंड फिलामेंटच तसा असतो, तिथं बल्ब काढून ब्रेकरवर भरोसा ठेवावा लागतो. नंतर बल्ब कायमचा काढला आणि तोच २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून प्रत्येक वायरच्या टोकाला लावून व्होल्ट मोजले. पंखाच्या टोकापर्यंत पाचेक मीटर २० गेज, तिथं पाव-पॉइंट तीन व्होल्ट पडणं हिशोबातच आहे. डाव्या पंखाला एक व्होल्टच्या वर पडत होता. बघितलं तर अर्थिंगच्या रिंगखाली नानांचा लाडका हिरवा प्रायमर (पत्र्यावरचा अस्तराचा रंग, करंट अडवतो) तसाच. खरवडला, आकडा आला जागेवर.

रेडिओचा कनेक्टर लावायच्या आधी त्याच्या प्रत्येक पिनवर मीटर धरून बघितलं, प्लस तिथंच आणि मायनस तिथंच. पंचवीस पिनच्या डी-सब कनेक्टरमध्ये मागून बघितलं की आकडे उलट्या बाजूनं सुरू होतात, ड्रॉइंगमध्ये पुढून काढलंय का मागून हे न बघता पिन भरणारे भरपूर. रेडिओची किंमत बघता ही पाच मिनिटं लईच स्वस्त.

शेवटी इग्निशनचे दोन स्विच, आणि इथं सगळं उलटं असतं म्हणून वेगळं लिहितो. रोटॅक्सच्या इग्निशनला बॅटरी लागत नाही, ते स्वतःची वीज स्वतः बनवतं, बंद करायचं तर ती वायर बॉडीला टेकवायची. म्हणजे स्विच बंद तेव्हा मीटरवर शून्य ओहम, चालू तेव्हा बॉडीशी जोडच नाही. वायर कुठं तुटली तर बाकी उपकरण बंद पडतं, इंजिन मात्र बंदच होत नाही. स्पार्क प्लगच्या टोप्या काढून, प्रोपेलरच्या रेषेत कोणाला उभं न करता, दोन्ही स्विच वेगवेगळे तपासले आणि वायर हलवत हलवत पण आकडा धरून ठेवला.

वहीत सगळे आकडे तारखेसकट उतरलेत, पुढं काही बिघडलं की याच्याशीच ताडून बघायचं. आता रेग्युलेटर (इंजिननं बनवलेली वीज बॅटरीला चालेल अशी करणारा) राहिलाय, रोटॅक्स त्याच्यासोबत २२००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागतं, तो पुण्याहून यायचाय. तोपर्यंत नाना उरलेल्या सगळ्या रिंगांखालचा प्रायमर खरवडायलेत, तोंड वाकडं करत.