वाळत घालायची दांडी

जुन्या लाकडी आणि धातूच्या वस्तू जतन करायचं काम मी करते. सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला निघाला होता, तिथल्या देवघराची चौकट बघायला गेले होते. मागच्या पडवीत तुळईला सुतळीने टांगलेली कपडे वाळत घालायची दांडी दिसली आणि चौकट बाजूलाच राहिली. दांडीच्या टोकाला लोखंडी टोपण होतं.

खाली उतरवली. साधारण नऊ फूट, भरीव बांबू, पेरं तासून गुळगुळीत केलेली. मधला वीतभर पट्टा फिकट, त्याच्या कडेने बारीक खिळ्यांची भोकं. तिथे मनगट अडकवायची कातडी वादी असणार. पुढचं टोक पातं बसवायला निमुळतं केलेलं, पातं मात्र नव्हतं. घोडदळाचा भाला होता तो!

"आजेसासरे रिसाल्यात होते म्हणे," वाड्यातल्या आजी म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून दांडी इथेच आहे."

पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्रजांचे बरेचसे हिंदी रिसाले आपल्या शिलेदारी पद्धतीवर चालत. घोडा, खोगीर, सामान स्वाराचं स्वतःचं. भाला घरी आला तो बहुधा तसाच.

नातू म्हणाला, पॉलिश करून नव्या फ्लॅटमध्ये लावू. मी हात जोडले. सुतळीचे वळ घासू नका, तोही या भाल्याचा इतिहास आहे.

"पण भाले गेले कशाने?" त्याने विचारलं. पहिल्या धडकेला भाल्याला तोड नव्हती, पण घोड्याला दौडायला मोकळं रान लागतं. मॅगझिन रायफली, मशीनगन, काटेरी तारा आल्या आणि ते रान उरलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर १९०३ मध्ये ब्रिटिशांनी भाला लढाईतून काढला, १९०९ मध्ये परत आणला, १९२० चं दशक संपता संपता कायमचा बंद केला. मध्ये २३ सप्टेंबर १९१८ ला हैफाची लढाई झाली, आजच्या इस्रायलमध्ये. जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी तुर्कांच्या मशीनगनच्या तोंडावर घोडे घातले, शहर घेतलं; मेजर दलपतसिंह तिथेच पडले. हे सांगताना माझा आवाज दरवेळी कापतो. १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या रेजिमेंटच्या नावात अजून घोडा आहे, पण १९७१ च्या युद्धात तिचे अरुण खेत्रपाल लढले ते रणगाड्यातून.

फिकट पट्ट्याखाली दोन बोटं धरून मी दांडी तोलून दाखवली. पात्याचं वजन नसल्याने ती टोपणाकडे कलली. आजी पुढे आल्या, निमुळत्या टोकावर त्यांनी अलगद हात ठेवला आणि दांडी आडवी होईपर्यंत दाबून धरला.

"इथे होतं होय ते?"