तुम्ही विचारलंत म्हणून: एच-इंडेक्स १७ म्हणजे चांगला का?

परवा ठाण्यात मासुंदा तलावापाशी आमच्या बिल्डिंगमधले काका भेटले. नात एमएस्सीला आहे, पीएचडीसाठी गाइड शोधतेय. "तिने नेटवर बघितलं, तुमचा एच-इंडेक्स १७ आहे म्हणे. चांगला का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय.

माझा विषय केमिकल फिजिक्स. पाण्याचे रेणू एकमेकांना कसे धरतात, कसे सोडतात, हे मी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघते. आजवर ४१ पेपर झाले. एच-इंडेक्स काढायचा तर ज्या पेपरचा दाखला इतरांनी आपल्या पेपरांत सर्वात जास्त वेळा दिलाय तो वर ठेवून खाली उतरत यायचं. अशा प्रत्येक दाखल्याला साइटेशन म्हणतात. माझ्या सतराव्या पेपरला निदान १७ साइटेशन आहेत, अठराव्याला १८ नाहीत. म्हणून १७. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही रीत सुचवली. मोजायला सोपी, म्हणून सगळीकडे रुजली. पण चारच पेपर लिहिणाऱ्याचा इंडेक्स चाराच्या वर जाऊच शकत नाही, मग ते चार कितीही मोठे असोत. शिवाय तो कधी घटत नाही. नुसतं वय वाढलं तरी वाढतो.

साइटेशन नेमकं काय सांगतं? आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. पाण्याच्या रेणूची काही सोपी मॉडेल्स ताडून बघणारा एक पेपर १९८३ मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'मध्ये आला. त्यातल्या 'टिप-थ्री-पी' मॉडेलमध्ये रेणूचे तीनच बिंदू: ऑक्सिजनवर उणे ०.८३४ विद्युतभार (इलेक्ट्रॉनच्या भाराच्या मापात), दोन्ही हायड्रोजनवर ०.४१७. जगात सर्वाधिक साइटेशन मिळालेल्या पेपरांत त्याची गणना होते. पण खऱ्या पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वात जास्त असते, आणि एवढी शाळेत शिकवलेली गोष्टही या मॉडेलला जमत नाही. तरी लोक वापरतात, कारण गणित झटपट होतं आणि प्रथिनांची मोठमोठी सिम्युलेशन्स त्यावरच उभी आहेत. ते उपयोगाचं आहे, आणि साइटेशन त्या उपयोगाची आहेत.

याच्या उलट भारतीय भौतिकशास्त्रज्ञ एस. पंचरत्नम, ज्यांच्या कामाकडे बराच काळ फारसं कुणी बघितलंच नाही. १९५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी प्रकाशाच्या ध्रुवणाचा अभ्यास करताना लहरीला पडणारा एक फेज, म्हणजे तिच्या चढउतारात पडणारा फरक, मांडला. पुढे १९८४ मध्ये मायकेल बेरींनी तीच कल्पना क्वांटम भौतिकीत व्यापक रूपात मांडली, आणि मग भारतीय शास्त्रज्ञांनी पंचरत्नम यांच्या जुन्या पेपराकडे लक्ष वेधलं. रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या गणितातही हा फेज येतो, म्हणून तो आमचाही विषय. पंचरत्नम १९६९ मध्येच गेले होते, पस्तिसाव्या वर्षी. हे आठवलं की मला अजूनही गलबलून येतं.

आता माझं. २००३ च्या एका पेपरात आम्ही पाण्याचे रेणू किती वेगाने पसरतात ते मोजलं होतं. सिम्युलेशनमध्ये रेणू एका काल्पनिक डब्यात ठेवतात; आमच्या डब्यात ते फक्त २१६. काही वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका विद्यार्थिनीने तेच सिम्युलेशन हजारो रेणू घेऊन केलं आणि दाखवलं की डबा लहान असल्यामुळे आमचा वेग कमी आलाय. तिचं बरोबर होतं. तिच्या पेपरात आमचा दाखला 'इथे आकडा कमी आला' असा आहे. मोजणीत मात्र तेही एक साइटेशनच. माझ्या लेखी ते सर्वात मोलाचं, कारण कुणीतरी आमचं काम ओळ न ओळ वाचून पुन्हा करून बघितलं.

म्हणून काका, नातीला सांगा, गाइडचा इंडेक्स नंतर बघ. आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. पेपरात पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का ते बघ. ग्रुपच्या मीटिंगला एकदा बसू देता का, विचार. तिथे नवीन पोरं सरांना मधेच थांबवून शंका विचारतात की नुसती माना डोलावतात, ते बघ.

आणि रविवारी तिला घरी पाठवा. २००३ चा पेपर आणि त्या मुलीचा पेपर, दोन्ही वाचून ये म्हणावं. डबा लहान असला की वेग कमी का येतो, यावर आपण बोलू.