भुज ते लखपत: एका दिवसात जाऊन येताना

पर्यटकांच्या बहुतेक गाड्या कच्छमधल्या लखपतच्या जुन्या कोटापाशी कोटेश्वरच्या देवळाहून परतताना वीसेक मिनिटं थांबतात. क्रम उलटा करा. आधी लखपत, आणि तिथे निदान दोन तास.

भुजहून नखत्राणा, माता नो मढ, दयापर करत लखपत सुमारे 135 किलोमीटर, स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवी. वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्सप्रेसने भुजपर्यंत आरामात जाता येतं. पुढे बसच्या वेळा सांभाळत बसलात तर दिवस संपेल. जानेवारीत तिथे उजाडतं उशिरा, तरी सातच्या आत निघावं. चहा-फाफडा नखत्राण्यात उरका आणि पेट्रोलची टाकीही तिथेच भरून घ्या. पुढे पवनचक्क्या, वेडी बाभूळ, मधूनच उंट, बाकी मोकळं माळरान. माता नो मढला आशापुरा मातेचं दर्शन घेऊन निघालो. या गावाच्या परिसरात जॅरोसाइट नावाचं खनिज सापडलंय, जे मंगळावरही आढळतं. रखरखीत टेकड्या बघताना ते पटतं!

लखपतचा कोट समोर येतो तेव्हा आत शहर असेल असंच वाटतं. सुमारे 7 किलोमीटरची तटबंदी, कच्छचा सेनानी जमादार फतेह महंमदने 1801 मध्ये उभारलेली, आणि आत विरळ घरं, बाभळी, पडक्या भिंती. सिंधूच्या पाण्यावर जगलेलं हे बंदर. सिंधकडे जाणारा-येणारा माल इथून हलायचा. मग 16 जून 1819 चा भूकंप झाला. उत्तरेला रणात 80-90 किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला, त्याला लोक अल्लाह बंध म्हणतात. नदीचं पाणी इकडे येईना, व्यापार आटला, माणसं पांगली. लढाई न होता ओस पडलेला असा कोट मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तटावर चढाच. पलीकडे कोरी खाडी आणि चिखल-मिठाचा सपाट पट्टा. पाणी कुठे संपतं आणि रण कुठे सुरू होतं ते कळत नाही. सीमा सुरक्षा दलाचा पहारा असतो. चौकीचे आणि जवानांचे फोटो काढू नका, ओळखपत्र जवळ ठेवा. पायऱ्यांचे दगड सुटलेत, चपला नकोत, बूट घाला.

गुरुद्वारा मात्र नांदता आहे. मक्केच्या वाटेवर गुरू नानक इथे थांबले अशी परंपरा. त्यांच्या पादुका दाखवतात. 2001 च्या भूकंपानंतर केलेल्या जतनकामाला 2004 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. डोकं झाकायला रुमाल न्या. लंगर मिळाला तर जेवा, कारण गावात हॉटेलच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पाणी माणशी तीन लिटर तरी गाडीत हवं. सूफी संत गौस महंमदांच्या काळ्या दगडाच्या अष्टकोनी कबरीवरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा, लांबून काहीच कळत नाही.

तिथून नारायण सरोवर साधारण 35 किलोमीटर, कोटेश्वर त्याच्या लगतच. देऊळ खाडीच्या काठावर आहे, सूर्यास्त तिथेच गाठा. मुंबईपेक्षा तो उशिरा होतो. परतीला अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात, वेग आवरा. ऑक्टोबरच्या उन्हात हा बेत आखू नका, डिसेंबर-जानेवारी बरा. ढोरडोचं पांढरं रण त्याच दिवसात कोंबायचा विचार सोडा: दिशा वेगळी, त्याला परवानाही वेगळा लागतो.